चपलांची परतफेड



जिल्ह्याच्या या बैठकीत आंदोलनाची पुढची आखणी होईल. त्याआधी एक जुना हिशेब आम्ही आपल्यापुढे ठेवतो. तो बँकेच्या नव्हे, माणसांच्या कर्जाचा आहे.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च निघाला. आपण सगळे त्या झेंड्याखालचे नाही. पण कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, कर्जमुक्ती आणि घामाचे दाम या मागण्या आपल्याच. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी बारा वर्षांनंतर आदिवासी बाया-माणसांना सुमारे १८० किलोमीटर चालावे लागले. ११ मार्चला ठाणे ओलांडून मुलुंड, विक्रोळी, घाटकोपरच्या हमरस्त्याने ही हजारो माणसे सोमय्या मैदानावर पोचली. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांची वाट अडू नये म्हणून पायांना फोड आलेली ती माणसे रातोरात उठून आझाद मैदानाकडे निघाली.

शहराने हे पाहिले. पाणी, बिस्किटे, औषधे, चपला घेऊन लोक पुढे आले. डबेवाल्यांनी जेवण दिले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. त्यात या अनोळखी हातांचाही वाटा होता, असे आम्ही मानतो.

पुढे काय झाले? आश्वासने रेंगाळली. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा काढावा लागला. तो वाशिंदलाच थांबला. मधल्या पाच वर्षांत मुलुंड-घाटकोपरच्या त्या माणसांना आपल्यापैकी कितीजणांनी साधे पत्र तरी धाडले?

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोरेगावच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे पाडायला सुरुवात झाली. २,०००हून अधिक झाडे गेली. त्या रानात आदिवासी पाडे आहेत, भाजीपाला पिकवणारी घरे आहेत. पाड्यांवरच्या लोकांबरोबर शहरातली पोरे रस्त्यावर उतरली, पकडली गेली. जमीन आणि जंगल हा आपलाच प्रश्न; पण आपण तिथे नव्हतो.

एका बाजूने आलेली दया फार दिवस टिकत नाही. दोन्हीकडून जाणे-येणे असेल तरच संघटना उभी राहते. १९९३ साली स्थापन झालेल्या ‘ला व्हिया कांपेसिना’ने देशोदेशीच्या शेतकरी संघटना एकत्र बांधल्या. तिने वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळे १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा १२१ मतांनी मंजूर झाला. भारताचे मतही बाजूने पडले. वेगळ्या भाषेची, वेगळ्या पिकांची माणसे एकमेकांना धरून राहतात. मग कसारा घाट उतरून उपनगर गाठणे आपल्याला का जड जावे?

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक तालुक्याने उपनगरातल्या एका रहिवासी संघाशी, महिला मंडळाशी किंवा कामगार संघटनेशी कायमचे नाते जोडावे. सुगीला त्यांना शिवारात बोलवावे. कांद्याच्या किलोमागे बियाणे, मजुरी, वाहतूक, हमाली किती आणि हातात काय उरते, हे पावत्यांसह दाखवावे. त्यांचे पाणी, घर, नोकरी यांचे दुखणे ऐकावे. त्यांच्या लढ्याला आपली दहा माणसे तरी जावीत.

मोर्चाच्या दिवशी सोयरे शोधून मिळत नाहीत. ते आधी जोडावे लागतात. बैठकीने हा ठराव करूनच उठावे.