घड्याळ काढून पाण्यात

मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाजवळ होडी नांगरली, भाच्यानं पाणबुड्याचा काळा पोशाख चढवला आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "मामा, जरा सांभाळ ना हे. पाण्यात खराब होईल."

घड्याळ जड, पोलादी, स्विस. लग्नात सासरहून आलेलं. तबकडीवर सहाच्या आकड्यापाशी बारीक अक्षरांत 300 मीटर असं छापलेलं. तो उतरणार होता जेमतेम दोन पुरुष खोल पाण्यात, तेही प्रशिक्षकाचा हात धरून. "अरे, हे पाण्यातच घालायचं घड्याळ आहे, घालून उतर," असं मी म्हटलं, तर म्हणाला, "एवढं महागाचं घड्याळ कुणी पाण्यात नेतं का?" होडीतल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला वाईट वाटलं आणि रागही आला. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून आज हा विषय.

माझं घड्याळवेड या सदराच्या वाचकांना नवं नाही. वडिलांच्या चावीच्या एचएमटीवर लिहिलं होतं तेव्हा कितीतरी घरांतल्या जुन्या घड्याळांच्या कहाण्या पत्रांतून आल्या. त्या जिव्हाळ्यापोटीच सांगतो, कुठल्याही घड्याळाला कपाटातल्या दागिन्यासारखं वागवलेलं मला बघवत नाही. त्यातून पाणबुड्याचं घड्याळ तर एका ठरावीक कामासाठी घडवलेलं असतं.

आधी हिशेब. पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो. तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर 300 मीटरला दोनशे किलोंहून जास्त भार पडतो. आयएसओ 6425 या मानकानुसार पाणबुड्याचं म्हणून विकलं जाणारं घड्याळ किमान 100 मीटरचं असावं लागतं, छापलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाखाली तपासावं लागतं, खाऱ्या पाण्यात टिकावं लागतं आणि मिट्ट काळोखात 25 सेंटिमीटरवरून त्यातली वेळ वाचता यावी लागते. घड्याळाचं हे झालं. माणसाचं काय? हौशी पाणबुड्याची मर्यादा 40 मीटर, पहिला अभ्यासक्रम केलेल्याला 18. पाठीवर टाक्या बांधून सर्वांत खोल गेल्याची गिनीजमधली नोंद इजिप्तच्या अहमद गब्र यांच्या नावावर आहे: 2014, तांबडा समुद्र, 332 मीटर. खाली जायला त्यांना पाव तासाच्या आसपास लागला आणि सुखरूप वर यायला तेरा तासांहून अधिक. भाच्याच्या मनगटावरचं घड्याळ जिथवर जाऊ शकतं, तिथवर पाठीवर टाक्या बांधून गेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

या आकड्यांपेक्षा मला तबकडीभोवतीची फिरती कडी जास्त महत्त्वाची वाटते. ब्लांपां या स्विस कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदा पाण्याखाली ते इतके रमले की वेळेचं भान सुटलं, टाकीतली हवा संपली आणि जिवावर उदार होऊन वर यावं लागलं. ते वाचले आणि पाणबुड्याचं घड्याळ बनवायच्या मागे लागले. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाचे लढाऊ पाणबुडे बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो हेही असलंच घड्याळ शोधत हिंडत होते. काळी तबकडी, ठळक चमकते आकडे आणि बाहेरून फिरवता येणारी कडी, अशी त्यांची मागणी होती. 1953 साली फिफ्टी फॅदम्स आलं. पन्नास वाव, म्हणजे साधारण 91 मीटर. रोलेक्सची सबमरिनरही त्याच वर्षातली, 100 मीटरची.

कडीचं काम अगदी सोपं. उतरताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग पाण्याखाली किती मिनिटं गेली ते एका नजरेत कळतं. पुढे ती एकाच दिशेनं फिरेल अशी केली गेली, कारण खडकाला घासून ती चुकून सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी कधीच दिसू नये. माणूस लवकर वर आला तर काही बिघडत नाही. एवढ्या एका खाचेत दुसऱ्याच्या जिवाची किती काळजी घेतलेली आहे! आता पाणबुडे मनगटी संगणक वापरतात आणि घड्याळ जोडीला असतं, हे मला ठाऊक आहे. तरी भाच्यानं एकदा ती खूण काट्यासमोर लावून, पाण्याखाली तिच्याकडे बघायला हवं होतं.

त्याची भीती पोकळ होती असं मात्र मी म्हणणार नाही. ही भीती विक्रेत्यांनी घातलेली आहे. लाखांचं घड्याळ विकताना डब्याची पॉलिश दाखवतील, पट्ट्याच्या कड्या मोजून देतील, पण चावी घट्ट आवळल्याशिवाय पाण्यात हात घालू नका, हे कुणी सांगत नाही. दादरला माझ्या नेहमीच्या घड्याळवाल्यांकडे गेलो होतो तेव्हा त्यांच्या पुढ्यात 200 मीटरचं एक घड्याळ उघडं पडलेलं होतं. काचेच्या आतून धुकं, तारखेच्या चकतीवर गंजाचा तांबूस ठिपका. समुद्रात वगैरे गेलेलंच नव्हतं. गिऱ्हाईक चावी ओढून वेळ लावून विसरलं आणि अंघोळीला गेलं. घड्याळवाल्यांनी चिमट्यानं मागच्या झाकणाखालचं रबर उचललं. केसापेक्षा थोडं जाड काळं कडं, वाळून चपटं झालेलं. बोटांत वाकवलं तसं तुटलं. नवं कडं सिलिकॉनच्या ग्रीसमधून फिरवून त्यांनी खाचेत बसवलं. एवढ्या कड्यावर तो 200 चा आकडा उभा असतो. समुद्रावर जायच्या आधी ते बदलून घ्यावं, दाबाच्या यंत्रावर घड्याळ तपासून घ्यावं आणि वर आल्यावर गोड्या पाण्यानं धुवावं. मग बेलाशक पाण्यात न्यावं.

तबकडीवर नुसतंच 30 मीटर छापलेलं असतं त्याचा अर्थही दुकानातच समजावून द्यायला हवा. ते घड्याळ हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पाऊस सोसेल, एवढंच. तो आकडा पाहून मुलं तलावात उड्या मारतात आणि मग आईबाप ओरडतात. 300 वाला काठावर घड्याळ काढतो आणि 30 वाला सूर मारतो, हे आपल्याकडे रोज घडतं.

आकड्यांच्या शर्यतीबद्दल मला आकस नाही. 23 जानेवारी 1960 रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श त्रिएस्ते या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ 11 किलोमीटर खाली पोचले तेव्हा यानाच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सचं एक घड्याळ बांधलेलं होतं. घुमटासारखी जाड काच असलेलं ते घड्याळ वर आलं तेव्हा चालू होतं. 2012 मध्ये जेम्स कॅमेरॉन एकटे तिथे गेले तेव्हाही यंत्रहातावर घड्याळ होतं, 2019 मध्ये व्हिक्टर व्हेस्कोव्हो यांच्या यानावर ओमेगाची होती. 2022 पासून तर 11,000 मीटरचं रोलेक्स विकत मिळतं, 50 मिलिमीटर रुंद आणि पाव किलो वजनाचं. माणूस तिथे कातडीनिशी कधीच जाणार नाही. तरी धातू, काच आणि रबर यांनी तो दाब झेलून दाखवला याचं मला अतिशय कौतुक आहे.

पण अशा बऱ्याच घड्याळांच्या कुशीला एक बारीक बटणासारखी झडप असते, ती मला अधिक बोलायला लावते. हेलियमची झडप. खोल समुद्रात तेलाच्या नळांवर काम करणारे पाणबुडे रोज वरखाली करत नाहीत. जहाजावरच्या पोलादी चेंबरमध्ये तळाइतकाच दाब ठेवून ते आठवडेच्या आठवडे राहतात, तिथून घंटेच्या आकाराच्या कुपीत बसून तळाशी कामाला जातात आणि परत चेंबरमध्येच येतात. श्वासाला हेलियम आणि प्राणवायूचं मिश्रण. हेलियमचे अणू इतके लहान की रबराच्या कड्यांमधूनही घड्याळात शिरतात. शेवटी चेंबरचा दाब उतरवायला लागले की आतला वायू तेवढ्या वेगानं बाहेर पडत नाही आणि काच फट्‌कन उडते. यावर रोलेक्सनं 1967 मध्ये सी-ड्वेलरला ही झडप दिली. जपानात सेइको या घड्याळ कंपनीला 1968 साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथल्या एका पाणबुड्याचं तक्रारीचं पत्र गेलं होतं. कंपनीनं उलटा विचार केला आणि 1975 मध्ये हेलियम आत शिरूच नये असं टायटॅनियमचं 600 मीटरचं घड्याळ काढलं. पोहताना या झडपेचा उपयोग शून्य. ती फक्त चेंबरमधल्या माणसासाठी आहे.

असा माणूस मला भेटला तो उरणजवळ करंज्याला. नौदलात पाणबुड्याचं शिक्षण, मग निवृत्त होईपर्यंत ठेकेदाराकडे मुंबई हायच्या तेलक्षेत्रावर. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत, सत्तर-ऐंशी मीटर पाण्याखाली. मी घड्याळाबद्दल विचारलं तेव्हा त्यांना हसू आलं. "तळाला घड्याळ कोण बघतो, भाऊ? वरून सुपरवायझर कानात सांगतो, त्याच्या हुकमानं चालायचं. घड्याळ लागायचं चेंबरमध्ये. तिथे दिवस-रात्र कळत नाही ना." मग काच उडायची नाही का? "दाब उतरवायला लागले की चावी सैल करून बाहेर ओढून ठेवायची. ज्यानं नाही ओढली त्याची काच गेली. नव्या पोराला आम्ही पहिलं हेच सांगायचो."

दाब उतरवणं म्हणजे खोलीच्या दर 30 मीटरला साधारण एक दिवस आणि वर आणखी एक. म्हणजे काम संपल्यावरही तीन-साडेतीन दिवस त्याच नळकांड्यात, बाहेर जहाज तरंगतंय, काचेपलीकडे माणसं चालताहेत आणि दार उघडता येत नाही. कुणाचा बाप गेल्याची खबर आली तरी उघडता येत नाही. असं एकाच्या बाबतीत झालेलं त्यांनी पाहिलंय. हेलियममुळे आवाज इतका चिरका होतो की बायकोला फोन लावला तर ती ओळखायची नाही, म्हणून ते करायचेच नाहीत. जेवणाला चव लागत नसे. जेवण आत घ्यायच्या छोट्या दुहेरी दारातून ते घरून आणलेली सुकटीची चटणी मागवून घ्यायचे.

मुंबई हायला तेल सापडलं 1974 मध्ये. पन्नास वर्षं झाली, आपल्या गाड्या, गॅसच्या शेगड्या, खतांचे कारखाने यांच्यामागे तळाला वाकून बोल्ट आवळणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी शोधलेली झडप लग्नाच्या मांडवात मिरवते. मिरवू दे, पण ती कुणासाठी आहे हे विकणाऱ्यानं आणि घालणाऱ्यानं एकदा विचारून घ्यावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

झडपेचं चित्र मी त्यांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं, किंमत विचारली आणि म्हणाले, "आमच्या कामाला चावी ओढणं पुरत होतं." चेंबरमधली भांडणं, आजारपणं, तुफानातली एक रात्र, असं बरंच त्यांनी सांगितलंय. ते छापायला त्यांचा होकार आहे, फक्त नाव नको म्हणतात. पुढच्या रविवारी ते लिहितो.