पोस्तो आणि परवाना

बंगाली स्वयंपाक म्हटला की आपल्याला मासे आणि रसगुल्लेच आठवतात. घरी करायचाच तर आलू-पोस्तो करावा. पोस्तो म्हणजे आपली खसखस, कन्नडमधली गसगसे. आपण ती अनारशाला लावतो किंवा पायसात घालतो. बंगाली गृहिणी ती भिजवून, वाटून मोहरीच्या तेलात बटाट्यांबरोबर शिजवते.

खसखस येते अफूच्या बोंडातून. नेमावरला नर्मदा ओलांडली की पुढे देवास-धारचा माळवा. एकेकाळी अफूसाठी प्रसिद्ध. आज मध्य प्रदेशात परवाने मुख्यतः मंदसौर-नीमचकडे. आणि खाणाऱ्या बंगालला? एकही नाही! मार्च २०२३ मध्ये ममता बॅनर्जींनी विधानसभेत हाच प्रश्न विचारला. कडक देखरेखीखाली परवाना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर महाग खसखस बेताने वाटावी, बटाटे वाढवावेत.