शेषफल आणि बाकी

वर्गात यंत्रे यावीत की नाहीत, हा वाद आता जुना झाला. ती आलेली आहेत. प्रश्न एवढाच की, ती कोणाच्या भाषेत बोलतात?

गेल्या दिवाळीत मी बालाघाट जिल्ह्यात, किरनापुरला आत्याकडे गेलो होतो. १९५६ च्या पुनर्रचनेत शेजारचे गोंदिया मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिले. आत्याच्या घरी मराठी, शेजारी पवारी आणि शाळेत हिंदी! तिची चौथीतली नात मोबाईलवर भागाकाराचा पाठ पाहत होती. चित्रे सुरेख, आवाज गोड. तीनदा पाहून तिने विचारले, "काका, शेषफल म्हणजे काय?" मी सतरा चिंचोके घेतले, पाच-पाचाचे तीन वाटे केले. दोन उरले. ती ओरडली, "अरे, ही तर बाकी!"

मराठी शाळेतून वाणिज्य शाखेत आलो तेव्हा 'डेबिट-क्रेडिट'पाशी मीही असाच अडलो होतो. 'नावे-जमा' म्हटल्यावर वाट सापडली.

हा विचार नवा नाही. १९७५-७६ मध्ये 'साईट' प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचले. त्यात कर्नाटक आणि मध्यप्रदेशही होते. कार्यक्रम कानडीत, हिंदीत, तेलुगूत व उडियात केले गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेथील मुलांची घरची भाषा कानडी होती, म्हणून गुरुजी आधी ती भाषा शिकले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तो यंत्राला नव्हे, शिक्षकाला!

कोणी म्हणेल, प्रत्येक बोलीत पाठ करणे खर्चाचे आहे. खरे आहे. परंतु न समजणारा पाठ फुकट मिळाला तरी महागच. पडदा आणि फळा विकत घेता येतो; मूल कोठे अडले, हे ओळखणारा शिक्षक मात्र घडवावाच लागतो.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. मग आपण दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी हिशेबशास्त्राचे दहा-दहा मिनिटांचे पाठ दोन्ही भाषांत ध्वनिमुद्रित करून पहिल्या वर्षाच्या मुलांना का देऊ नयेत? मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहेच. जमेच्या बाजूला यंत्रे पुष्कळ झाली. समजुतीची बाकी अजून आपल्याच नावे आहे.