मदतनिधी की पक्षनिधी? ‘पे’ दाबण्याआधी हे बघा

एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळे आम्ही डोंबिवलीकर घरात अडकलेलो आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र जोरात. त्यावर एक क्यूआर कोड आला : ‘गरजूंना धान्य आणि मास्क, यथाशक्ती मदत करा.’ खाली आमच्या भागातल्या एका इच्छुक उमेदवाराचा हसरा फोटो. मी लगेच ५०० रुपये पाठवले. नंतर बघितलं, तर पैसे एका अनोळखी माणसाच्या खात्यात गेले होते. पावती मागितली, उत्तर आलं नाही.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपत होती, म्हणजे निवडणूक तोंडावर होती. कोरोनामुळे ती लांबली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. माझे पैसे धान्यात गेले की प्रचारात, हे मला आजही माहीत नाही.

तीन वेगळे खिसे

स्क्रीनवर सगळे क्यूआर सारखेच दिसतात, पण पैसे वेगवेगळ्या ठिकाणी जातात. पीएम केअर्स किंवा मुख्यमंत्री सहायता निधी हा मदतनिधी. आयकर कायदा १९६१ मध्ये त्याच्या देणगीसाठी कलम ८०जी होतं. पक्षाला दिलेल्या देणगीचं कलम वेगळं होतं, ८०जीजीसी. तिसरा खिसा म्हणजे एखाद्याचं खासगी खातं. तिथे ना कलम, ना पावती.

पक्षाने उघडपणे देणगी मागणं यात गैर काही नाही. कोरोनाकाळातच, २५ डिसेंबर २०२१ ला, भाजपने नमो ॲपवरून ५ रुपयांपासून पुढे छोट्या देणग्या घ्यायला सुरुवात केली. पैसे पक्षाला जातायत, हे तिथे स्पष्ट होतं. घोळ होतो तो मदतीच्या नावाखाली प्रचार आला की.

आणखी एक गोष्ट. २० हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची नावं पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावी लागतात. तुमच्या-माझ्या ५०० रुपयांची नोंद तिथे नावानिशी दिसत नाही. म्हणून आपली पावती हाच आपला पुरावा.

आधीच केलेली टिक

२०२० मध्येच अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराच्या देणगी पानावर ‘दर आठवड्याला पैसे कापा’ या चौकटीत आधीच टिक केलेली असायची. लोकांनी एकदाच द्यायचे म्हणून पैसे दिले आणि ते पुन्हापुन्हा कापले गेले. न्यूयॉर्क टाइम्सच्या एप्रिल २०२१ मधल्या बातमीनुसार, त्या वर्षी १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या काही समित्यांनीही अशी टिक वापरली होती.

आपल्याकडे यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं. त्यात मंजुरी देताना पिन लागतो, पण नंतर १५ हजारांपर्यंतचे हप्ते पिनशिवाय कापले जाऊ शकतात.

मग करायचं काय?

• स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, समोर दिसणारं नाव वाचा. पोस्टरवरचं नाव आणि हे नाव जुळतंय का?
• यूपीआय आयडी अक्षर न् अक्षर तपासा. पीएम केअर्सच्या आयडीतला शेवटचा ‘एस’ गाळून २०२० मध्ये बनावट आयडी फिरत होता.
• स्क्रीनवर ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ दिसलं तर थांबा. आधी मंजूर केलेलं ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन रद्द करता येतं.
• पावती आधी विचारा, पैसे नंतर द्या.

साथ पुन्हा आली, तर असे फॉरवर्डही येणारच. मदत जरूर करा. पण ते नाव वाचायला पाच सेकंद लागतात. मी तेवढीही दिली नव्हती.