आधी निदान, मग धोरण

आधी रोगाची परीक्षा, त्यानंतर औषधाची परीक्षा आणि मग प्रत्यक्ष कर्म, हा चरकाचार्यांनी घालून दिलेला क्रम आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. निदानावाचून दिलेले औषध लागू पडलेच, तर तो योगायोग समजावा. व्यक्तीच्या आरोग्याबाबत आपण जो नियम कटाक्षाने पाळतो, तो समाजाच्या आणि राष्ट्राच्या आरोग्याबाबत मात्र सहज विसरला जातो. धोरण ही समाजावर केलेली चिकित्साच होय. श्रीमंत देश एखादे चुकलेले धोरण पचवू शकतो. गरीब देशाचा अग्नी मुळातच मंद असतो. त्याला चुकीच्या उपचाराचा अपाय अधिक होतो आणि तो अधिक काळ टिकतो. म्हणूनच कमी उत्पन्नाच्या देशाला स्वतंत्र धोरण-संशोधनाची गरज अधिक असते.

येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शासनाजवळ आकडे नसतात असे नाही. परंतु जे खाते योजना राबवते, त्याच खात्याने तिच्या यशापयशाचा निर्णय द्यावा, ही अपेक्षा वैद्याने स्वतःच्याच यशाचे प्रमाणपत्र लिहिण्यासारखी आहे. व्यापारी आणि उत्पादक यांचेही हितसंबंध असतात आणि ते असणे गैर नाही. मात्र या दोघांखेरीज निष्कर्षाशी स्वतःचा लाभ-तोटा न बांधलेला तिसरा कोणी तरी मोजणारा हवा.

याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तिला प्रत्यक्ष पाहणीची शिस्त लावली. त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दररोज २,२५० उष्मांक मिळावेत हा निकष त्यांनी घेतला. त्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, असे त्यांनी दाखविले. ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक या मर्यादेखाली होते. दारिद्र्य सर्वांनाच दिसत होते. या अभ्यासाने त्याला माप दिले. केवळ जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न सुटणार नाही, गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी लागेल, हा त्यांचा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, तिचे श्रेय वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीला आणि १९७२ च्या दुष्काळात राबलेल्या हातांना आहेच. परंतु १९७७ चा राज्याचा कायदा आणि २००५ चा देशव्यापी कायदा यांच्यामागे जो विचार उभा राहिला, त्याला अशा मोजमापाचे बळ होते.

दुसरे उदाहरण आरोग्याचे आहे. महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांतील बालमृत्यू स्वतः मोजले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात नोंदले जाणारे बालमृत्यू आणि प्रत्यक्षातील बालमृत्यू यांतील मोठी तफावत त्यातून उघड झाली. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला होता. त्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्तीमार्फत अशी सेवा देण्याची मार्गदर्शक तत्त्वे देशभरासाठी निघाली. प्रसिद्धी आणि धोरण यांमध्ये बारा वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे. संशोधन हे सद्यःफलदायी औषध नव्हे. ते रसायनासारखे सावकाश परिणाम करते.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या क्षेत्रातील सर्वांत मोठा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. अशोकाची शुद्ध साल मागितली असता आसुपालवाची साल पदरी पडते, हा अनुभव रसशाळा चालवणाऱ्यांना नवा नाही. दशमुळातील बेल, टेंटू, शिवण, पाडळ यांची मुळे काढायची तर वृक्षच जातो. तथापि देशात कोणती वनस्पती किती लागते, याचा पद्धतशीर हिशेब बराच काळ उपलब्ध नव्हता. तो मांडण्याचे काम बेंगळुरूच्या एफआरएलएचटी या विश्वस्त संस्थेतील वेद व गोराया यांच्या अभ्यासाने २००८ मध्ये केले. व्यापारात ९६० वनस्पती आहेत, त्यांपैकी १७८ वनस्पतींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० टनांहून अधिक आहे आणि २००५-०६ मधील एकूण मागणी सुमारे ३ लाख १९ हजार टन होती, असा तो हिशेब होता. याच अभ्यासकद्वयाने २०१७ मध्ये भारतीय वानिकी संशोधन परिषदेतर्फे दिलेल्या अहवालात २०१४-१५ ची मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन आणि मोठ्या खपाच्या वनस्पती २४२ असल्याचे नमूद झाले. कोणत्या वनस्पतीची लागवड आधी करावी, अनुदान कोठे द्यावे, कोणत्या झाडाला संरक्षण द्यावे, हे अशा आकड्यांवाचून ठरवणे म्हणजे नाडी न पाहता मात्रा ठरवणे होय.

आपण मोजले नाही तर दुसरा मोजतो, आणि मग नियम त्याच्या आकड्यांवर बेततात. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे तेथील वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर आपल्या शासनाने काष्ठौषधींच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शास्त्रोक्त शोधन-मारण केलेले भस्म आणि दूषित चूर्ण यांत भेद आहे, हा आपला युक्तिवाद रास्तच होता. परंतु युक्तिवादाला जोड हवी होती ती आपल्याच बाजारातील नमुन्यांच्या निष्पक्ष पाहणीची. तपासणीचा खर्च मोठ्या कंपनीला सोसतो. तालुक्याच्या गावी दहा-बारा कल्प बनवणाऱ्या लहान फार्मसीला तो जड जातो. तिची बाजू धोरणकर्त्यांपुढे मांडायची तर तिच्या खर्चाचे आणि गुणवत्तेचे आकडे हवेत. नुसत्या निवेदनांनी ते काम होत नाही.

यावर आक्षेप घेतला जातो की, स्वतंत्र म्हणवणाऱ्या संस्थांनाही कोणाचा तरी पैसा लागतोच. आक्षेप खरा आहे. दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. २००८ च्या अभ्यासामागे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ उभे होते. म्हणून कसोटी लावायची ती अशी: पैसा कोणी दिला हे उघड आहे काय, मोजण्याची पद्धत इतरांना तपासता येते काय, आणि पैसे देणाऱ्याला अप्रिय असा निष्कर्षही छापला जातो काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या संशोधनावर विश्वास टाकण्यास हरकत नाही.

आपले कर्तव्य येथूनच सुरू होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७-अ आणि अनुसूची टी-ए यांद्वारे २००८ पासून प्रत्येक परवानाधारक उत्पादकावर कच्च्या मालाच्या वार्षिक वापराची नोंद ठेवण्याचे व ती परवाना अधिकारी आणि वनस्पती मंडळ यांना सादर करण्याचे बंधन आले. ही नोंद कारकुनी उपचार म्हणून, अंदाजाने भरली जाऊ नये. कोणती वनस्पती, कोणते अंग, कोठून, किती आणि कोणत्या दराने घेतली, हे खरे लिहावे. चिकित्सक बंधू-भगिनींनी कोणता कल्प मिळेनासा झाला आणि त्याच्या जागी काय वापरावे लागले, हे टिपून ठेवावे. आपल्यासारख्या संघटनांनी वर्षातून एकदा या नोंदी, नावे गुप्त राखून, एखाद्या विद्यापीठाच्या वा स्वतंत्र संस्थेच्या अभ्यासकांकडे सोपवाव्यात आणि त्यांचा निष्कर्ष आपल्याला प्रतिकूल असला तरी याच पानांवर जसाच्या तसा छापावा.

हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. परंतु रुग्णाने लक्षणे लपवली तर निदान चुकते, हे आपण रुग्णांना रोज सांगतो. समाजाचे निदान होत असता रुग्णाच्या जागी आपण असतो, तेव्हाही हाच नियम लागू आहे.