नियमाबाहेरची मुभा

वडोदऱ्याच्या कारेलीबागेत संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय आहे आणि मनोरुग्णालयही आहे. समाज ज्यांच्यापासून चार हात दूर राहतो असे दोन प्रकारचे रोगी या एकाच वस्तीच्या वाट्याला आलेले आहेत. आणि अशा रोग्यांची शुश्रूषा ज्या धर्मात ईश्वरसेवेच्या बरोबरीची मानली जाते, त्या धर्मातील, विशेषतः केरळातील कॅथलिक कुटुंबांतून आलेल्या, परिचारिकांचे ऋण देशातील बहुतेक मोठ्या रुग्णालयांवर आहे. अशा परिचारिकेला मनोरुग्णाच्या खाटेपाशी उभे असताना श्रद्धा आणि नोकरी यांत निवड करावी लागत नाही, कारण दोन्ही तिला एकच काम सांगतात. परंतु सरकारी नोकरीत बदली हा शिरस्ताच आहे. आणि बदलीचा हुकूम हाती पडून ती उद्या एखाद्या स्त्रीरोग विभागात रुजू झाली, तेथे गर्भपाताच्या शस्त्रक्रियेसाठी ओ.टी.मध्ये तिची नेमणूक झाली, म्हणजे ज्या श्रद्धेने तिला या व्यवसायात आणले तीच श्रद्धा तिला त्या टेबलापाशी हात पुढे करू देत नाही. मग इन्चार्ज सिस्टर समजूतदार असेल तर त्या दिवसाची ड्यूटी गुपचूप बदलून मिळते. ती तशी नसेल तर रजेचा अर्ज, आजाराचे निमित्त आणि अगदीच गळ्याशी आले तर राजीनामा, एवढेच मार्ग उरतात. आमचा आक्षेप या गुपचूपपणाला आहे.

शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१ साली गर्भपाताचा जो कायदा संसदेने केला, त्याने ठराविक मर्यादांत गर्भपात करणाऱ्या डॉक्टराला फौजदारी शिक्षेपासून अभय दिले. पण जो डॉक्टर किंवा जी परिचारिका हे काम करू इच्छित नाही, तिच्याविषयी त्यात एक अक्षरही नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रकरणांत मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली तेव्हाही या मौनाकडे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसले नाही. आपल्या १९७१ च्या कायद्याच्या चार वर्षे आधी, १९६७ साली, ब्रिटनने केलेल्या अशाच कायद्यात मात्र अशा नकाराला स्वतंत्र कलम आहे. आपल्याकडे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी तर उलट टोक गाठले आहे: वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून संततिनियमन, नसबंदी, सुंता किंवा गर्भपात यांत साहाय्य नाकारणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, सुटका फक्त एवढीच, की डॉक्टराने आपण त्या कामास अक्षम आहोत असे म्हणावे. म्हणजे ज्याचा हात शिकलेला आहे पण मन तयार नाही, त्याने आपला हात शिकलेला नाही असे सांगावे. २०२३ साली या नियमांच्या जागी नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, त्यामुळे हे जुनेच अमलात आहेत. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचरणाच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे; त्याच अनुच्छेदाने ते स्वातंत्र्य सार्वजनिक आरोग्याच्या अधीन ठेवले आहे हेही खरे. पण अधीन ठेवणे वेगळे आणि त्या व्यक्तीला खोटे बोलायला लावणे वेगळे.

राजीनामा हा सर्वांत सरळ मार्ग असे अनेकांना वाटते, आणि मराठी माणसाला अशा प्रसंगी रामशास्त्र्यांची आठवण हटकून होते. परंतु न्यायाधीशपद सोडून निघून जाणारा रामशास्त्री पेशवाईत एकच झाला. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा आणि घरच्या कर्जाचा भार जिच्या पगारावर आहे, त्या मुलीकडून त्या तोलाच्या त्यागाची अपेक्षा करणे, आणि तीही तिने कोणताही अपराध केलेला नसताना, हे राज्यव्यवस्थेला शोभणारे नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. कॅथलिक नीतिशास्त्राला हा पेच नवा नाही आणि त्याचे उत्तर सरसकट नकाराचेही नाही. १६७९ साली अकरावे पोप इनोसंट यांनी जी पासष्ट मते निषिद्ध ठरवली, त्यांतील एक मत चाकराविषयीचे होते: धनी एका कुमारिकेवर अत्याचार करण्यासाठी खिडकीतून चढतो आहे हे ठाऊक असूनही जो चाकर त्याला आपला खांदा देतो, शिडी आणून देतो, तो जबर नुकसानीच्या भीतीने तसे करीत असेल तर त्याला महापातक लागत नाही, असे ते मत. पोपने ते नाकारले. पण शिडी धरणारा अपराधी ठरला म्हणजे त्या घरातला स्वयंपाकीही अपराधी ठरतो काय, हा प्रश्न उरलाच. आणि अठराव्या शतकात संत आल्फान्सस लिगोरी यांच्यासारख्या नीतिशास्त्र्यांनी त्याचा बारकाईने खल केला. जो पापाच्या हेतूतच सामील आहे त्याला सुटका नाही. ज्याचा हेतू नाही पण ज्याच्या कृतीचा दुसऱ्याला उपयोग होतो, त्याच्या बाबतीत ती कृती मूळ कर्माच्या किती निकट आहे, तिच्यावाचून ते कर्म अडले असते काय, आणि ती करण्यास त्याच्यापाशी किती सबळ कारण होते, हे तोलून पाहायचे. या तागडीत घातले असता शस्त्रक्रियेच्या वेळी उपकरणे हाती देणारी परिचारिका एका बाजूला येते. त्याच स्त्रीला रात्री ताप भरला असता तिच्या कपाळावर पट्टी ठेवणारी, तिचे कपडे बदलणारी परिचारिका अगदी दुसऱ्या बाजूला, आणि तेथे नकार देणे हाच धर्मद्रोह होईल. केसपेपर लिहिणारा कारकून तर पुष्कळच दूर. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लस १९७०च्या दशकात प्रयोगशाळेत घेतलेल्या एका मानवी गर्भाच्या पेशींपासून वाढवलेल्या पेशीसमूहावर अवलंबून होती. अशा लसी, दुसरा निर्दोष पर्याय हाताशी नसताना, घेण्यास नैतिक अडचण नाही असे व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० रोजी जाहीर केले ते याच विचारसरणीने.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकतो, पण आपण स्वतः प्राणी मारीत नाही आणि मांस खातही नाही, असे तो कौशिक नावाच्या ब्राह्मणाला सांगतो. कौशिकाला त्याचे दुकान पाहून शिसारी आली होती. व्यासांना ती आली नाही.

बायबलमधील नामानाची कथाही येथे आठवते. अरामी सेनापती नामान इस्राएलच्या देवाचा भक्त झाल्यावर संदेष्ट्या अलीशाला विचारतो, की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर भार टाकून नमस्कार करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल ना. आणि संदेष्टा त्याला शांतपणे निरोप देतो. असाच प्रसंग अलीकडे आपल्या लष्करातही आला. तिसऱ्या कॅव्हलरी रेजिमेंटचे लेफ्टनंट सॅम्युएल कमलेसन हे प्रॉटेस्टंट असल्याने कॅथलिक मोजमाप त्यांना लावणे बरोबर नाही; रेजिमेंटच्या मंदिरात व गुरुद्वारात जवानांबरोबर जाऊनही त्यांनी गाभाऱ्यात जाण्यास नकार दिला, २०२१ साली त्यांना सेवेतून काढण्यात आले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. लष्करी शिस्तीचा न्याय निराळा असतो हे मान्य. पण तोच निकाल उद्या रुग्णालयाच्या दप्तरी दाखला म्हणून दाखल होऊ नये, कारण ओ.टी. ही पलटण नव्हे.

ग्लासगोच्या दोन कॅथलिक वरिष्ठ सुइणींचा खटला आम्हाला अधिक उपयोगी वाटतो. प्रत्यक्ष गर्भपातात त्यांना भाग घ्यावा लागत नव्हता. पण त्या कामावर इतर परिचारिकांना तैनात करणे व त्यांच्यावर देखरेख ठेवणे यालाही त्यांची हरकत होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले, की कायद्याने दिलेली मुभा प्रत्यक्ष हाताने करावयाच्या कामापुरती आहे, व्यवस्थापनाच्या कामाला ती लागू नाही. त्या सुइणींवर हा निकाल कठोर होता खरा, तरी मर्यादा कोठे आखावी याचा तो चांगला वस्तुपाठ आहे. ब्रिटिश कायद्यातच आणखी एक मर्यादा आहे, की स्त्रीचे प्राण वाचवण्यासाठी किंवा तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर व कायमची इजा टाळण्यासाठी उपचार आवश्यक असेल तेव्हा कोणालाही मागे हटता येत नाही.

ही शेवटची मर्यादा का हवी, हे बेळगावला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बेळगावची सविता हालप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉल्वे येथील रुग्णालयात होती. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेले असताना ती गर्भपात मागत राहिली, गर्भाचे ठोके चालू असेतो कायदा तसे करू देत नाही असे तिला सांगण्यात आले, हा कॅथलिक देश आहे हेही एका सुईणीने सांगितले, आणि २८ ऑक्टोबरला रक्तातील जंतुसंसर्गाने तिचा अंत झाला. तेथे आड आला तो कोणा एकीचा विवेक नव्हता, देशाचा कायदा होता. शिवाय आईच्या जिवावर बेतलेल्या रोगाचा इलाज करताना गर्भ गेला, पण तो जाणे हा हेतू नव्हता, तर कॅथलिक नीतिशास्त्रही तो इलाज मान्य करते. हा सगळा भेद बरोबर आहे, आणि तिच्या आईवडिलांपुढे तो मांडण्याची हिंमत आम्हाला होणार नाही. २०१८ च्या सार्वमतात आयरिश जनतेने गर्भपाताच्या आड येणारे घटनेतले कलमच काढून टाकले.

तेव्हा मुभा द्यायची तर ती लेखी द्यावी, आधी नोंदवून घ्यावी, आणि हातापुरती द्यावी. छोटाउदेपूरच्या किंवा डांगातल्या एखाद्या केंद्रात एकच डॉक्टर आणि दोनच परिचारिका असतात. तेथे एकीचा नकार म्हणजे रोगी स्त्रीच्या दृष्टीने साऱ्या सरकारचाच नकार, आणि ती पुढे पन्नास मैलांवर जाऊ शकत नाही. म्हणून नोकरीत रुजू होतानाच जिने आपली हरकत कळवली असेल, तिची नेमणूक अशा जागी करू नये. आणि जिने ती कळवलीच नाही, तिला ऐन वेळी ती काढता येऊ नये.

कॅथलिक संस्थांनाही येथे एक शब्द सांगणे अवश्य आहे. नाशिकच्या एका शाळेतील बौद्ध शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्यावर तशी सक्ती करता येत नाही असे सांगितले. ती शाळा मिशनची नव्हती. पण ज्या मिशनच्या शाळांत व रुग्णालयांत हिंदू, मुसलमान आणि बौद्ध नोकर शेकड्यांनी आहेत, तेथील व्यवस्थापनाने आपल्या सकाळच्या प्रार्थनेचे नियम या निकालाच्या शेजारी ठेवून वाचावेत. सरकारी रुग्णालयातील आपल्या मुलीसाठी मागितलेली सवलत आपल्याच नोकराला नाकारणाऱ्याची बाजू मांडणे आम्हाला जड जाईल.

डॉक्टरांच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाला नवे आचारनियम करताना हे कलम पुन्हा लिहावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल. परिचारिकांच्या नेमणुका व बदल्या मात्र राज्याच्या आरोग्य खात्याच्या हाती आहेत. रुजू होण्याच्या अर्जात एक रकाना वाढवणे आणि तो वाचूनच ड्यूटी-चार्ट लावण्याचे परिपत्रक सर्व अधीक्षकांना धाडणे, यासाठी गांधीनगरला संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही.