ब्रांकोविच घराण्याच्या लेकी

वंशावळ वाचण्याची एक ठरलेली रीत आहे. मूळ पुरुषापासून आरंभ करावयाचा, पुत्र, पौत्र, प्रपौत्र असें उतरत यावयाचें, आणि जेथें शाखा थांबली तेथें ‘निर्वंश’ एवढा एक शब्द वाचून पुढल्या शाखेकडे वळावयाचें. मुलींचीं नांवें बहुधा नसतातच. असलीं तर अमुक गांवीं अमक्यांकडे दिली, एवढ्यावर त्यांची नोंद संपते. आपल्याकडील पुष्कळशा जुन्या वंशावळी अशाच आहेत, आणि युरोपांतील राजघराण्यांच्या वंशवृक्षांतही हा प्रकार कमी नाहीं. परंतु कांहीं घराणीं अशीं असतात कीं, त्यांचा वृत्तांत मुलींवांचून वाचूं गेल्यास त्याचा अर्थच लागत नाहीं. पंधराव्या शतकांत सर्बियावर राज्य करणारें ब्रांकोविच घराणें हें त्यांपैकीं एक. या महिन्यांत वाचकांपुढें त्याचीच हकीकत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपच्या आग्नेय भागांत, डॅन्यूब नदीच्या दक्षिणेस, जो डोंगराळ मुलूख पसरला आहे त्यास बाल्कन म्हणतात. सर्बिया हा त्याच्या मध्यावरील देश. सन १३८९ च्या जून महिन्यांत कोसोव्होच्या मैदानावर सर्ब आणि तुर्क यांची मोठी लढाई झाली. तींत सर्बियाचा अधिपति लाझार व तुर्कांचा सुलतान पहिला मुराद हे दोघेही पडले. लाझारचा पुत्र स्तेफान लहान होता. राज्य राखावयाचें तर तह करणें भाग होतें, आणि त्या तहाबरोबर लाझारची धाकटी मुलगी ओलिवेरा हिला नव्या सुलतानाच्या, म्हणजे बायझीदाच्या, जनानखान्यांत जावें लागलें. ज्याच्या फौजेशीं लढतांना आपला बाप मारला गेला, त्याच्याच घरीं ती नांदावयास गेली. पुढें १४०२ मध्यें अंकाराच्या लढाईंत तैमूरलंगानें बायझीदाचा पराभव केला, तेव्हां पतीबरोबर तीही कैद झाली; पतीच्या मृत्यूनंतर सुटका होऊन ती भावाकडे परत आली.

हा भाऊ स्तेफान १४२७ मध्यें निपुत्रिक वारला. त्यानें आपल्यामागें गादीवर नेमिला तो आपला भाचा, जुराज ब्रांकोविच. जुराजचा बाप वूक ब्रांकोविच हा कोसोव्हो प्रांताचा सरदार, आणि आई मारा ही लाझारची मुलगी. म्हणजे ब्रांकोविचांना सर्बियाचें राज्य मिळालें तें मुळांतच आजोळचें. वंशवृक्षांतून ही एक मारा वगळली तर पुढच्या सगळ्या राजांच्या हक्कास आधारच उरत नाहीं.

जुराज गादीवर आला तेव्हां त्याचें वय पन्नाशीचें होतें. उत्तरेस हंगेरीचा राजा, दक्षिणेस तुर्कांचा सुलतान. दोघेही बलिष्ठ, आणि दोघेही सर्बियास आपला मांडलिक समजणारे. अडकित्त्यांत सुपारी सांपडावी तशी त्या राज्याची स्थिति होती. बेलग्रेड शहर हंगेरीस परत द्यावें लागलें, म्हणून जुराजनें डॅन्यूबच्या कांठीं स्मेदेरेवो येथें नवी राजधानी वसविली. तिचा तटबंद किल्ला १४२८ ते १४३० या काळांत उभा राहिला आणि तो आजही पहावयास मिळतो. जुराजची राणी इरीना ही बायझंटाईन सम्राटांच्या कांताकुझीन कुळांतील ग्रीक मुलगी. किल्ल्याच्या बांधकामास प्रजेला जी वेठबिगार करावी लागली तिचा सगळा दोष लोकगीतांनीं या परकी राणीच्या माथीं मारला, आणि ‘शापित जेरीना’ हें नांव तिला कायमचें चिकटलें. बुरुजावर विटांच्या अक्षरांत बांधणारा म्हणून नांव आहे तें नवऱ्याचें. शिव्याशाप तेवढे बायकोच्या वांट्यास आले!

सन १४२९ मध्यें जुराजनें आथोस पर्वतावरील एस्फिग्मेनू मठास एक सनद दिली. तिच्यावर राजकुटुंबाचें रंगीत चित्र काढलेलें आहे. राजा आणि राणी, ग्र्गुर, स्तेफान व लाझार हे मुलगे, मारा व कातारीना या मुली, सारीं उंची वस्त्रें लेवून उभीं आहेत. मोठ्या मुलीचें नांव आजीचेंच आहे. चित्र काढणाऱ्यानें मुलींना वगळलें नाहीं, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. कारण या भावंडांत घराण्याचा सर्वांत मोठा भार पुढें उचलावा लागला तो त्या दोघींना.

चित्राला पांच वर्षें लोटलीं. १४३४ मध्यें धाकटी कातारीना त्सेल्येचा काउंट दुसरा उल्रिख यास दिली. त्सेल्येचें घराणें आजच्या स्लोव्हेनियांतील. उल्रिखची आत्या बार्बारा ही सम्राट सिगिसमंड याची पत्नी, आणि सिगिसमंड हाच हंगेरीचा राजा. म्हणजे या एका सोयरिकीनें उत्तरेकडील दार राखलें गेलें. दक्षिणेकडील दारासाठीं दुसऱ्याच वर्षीं थोरली मारा एडिर्ने येथें सुलतान दुसरा मुराद यास देण्यांत आली. तिच्या आंदणांत मुलुखही गेला. एक जांवई कॅथलिक काउंट, दुसरा मुसलमान सुलतान, आणि मुली दोघीही ग्रीक संप्रदायाच्या ख्रिस्ती! दोघींनींही आपापला धर्म अखेरपर्यंत सोडला नाहीं. कातारीनासाठीं १४५४ मध्यें वराज्दीन येथें लिहिलेली सर्बियन धर्मग्रंथाची पोथी आजही जपून ठेवलेली आहे.

अशा सोयरिकी करणाऱ्या बापाचा हिशेब उघड होता. जांवई सासऱ्याचें राज्य घेणार नाहीं, निदान मेहुण्यांस इजा करणार नाहीं, असें त्याला वाटलें असावें. तो हिशेब चार वर्षेंही टिकला नाहीं. १४३९ मध्यें मुरादानें स्मेदेरेवोस वेढा घातला. किल्ला लढविणारा ग्र्गुर हा त्याचा सख्खा मेहुणा होता. ऑगस्टमध्यें किल्ला पडला. ग्र्गुर आणि त्याचा भाऊ स्तेफान हे दोघेही तुर्कांच्या कैदेंत पडले, आणि १४४१ च्या मे महिन्यांत अनातोलियांतील तोकात येथें त्या दोघांचे डोळे काढण्यांत आले. बहीण सुलतानाच्या घरीं राणी म्हणून नांदत असतां भावांची ही दशा झाली. तिच्या मनाची त्या वेळीं काय स्थिति झाली असेल, हें सांगावयास कोणतीही बखर नको.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणी म्हणेल कीं, मुलगी देऊन राज्य राखण्याची ही युक्ति फसली, आणि विषय संपला. युक्ति फसली हें खरेंच. पण विषय संपत नाहीं. १४४४ मध्यें हंगेरी व तुर्क यांच्यांत तहाचें बोलणें सुरू झालें, तेव्हां मुरादाच्या बाजूनें जुराजकडे पहिला निरोप आला तो मारेच्याच मार्फत. त्या तहानें स्मेदेरेवो व इतर किल्ले जुराजला परत मिळाले, आणि आंधळे झालेले दोघे पुत्रही घरीं आले. मुलगी दिल्यानें जें साधलें नव्हतें, तें त्या मुलीनें स्वतः मध्यस्थी करून कांहीं अंशीं साधलें. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि वंशावळ वाचतांना तेंच आपल्या नजरेंतून सुटतें.

१४५१ मध्यें मुराद वारला. मारेस मूलबाळ नव्हतें. सवतीचा मुलगा दुसरा महंमद गादीवर आला. त्यानें तिला मानानें, देणग्या देऊन माहेरीं पाठविलें. त्याच सुमारास कॉन्स्टँटिनोपलचा शेवटला सम्राट कॉन्स्टंटाईन याच्याकडून तिला मागणी आली. या सम्राटाची आईही सर्ब कुळांतीलच होती. त्याचा विश्वासू अधिकारी स्फ्रांत्सेस यानें आपल्या आठवणींत ही हकीकत नमूद केली आहे. मारेच्या आईबापांना स्थळ पसंत होतें. सम्राज्ञीपद चालून आलें होतें. पण मारेनें नकार दिला. विधर्मी पतीच्या घरांतून देवानें सुटका केली तर पुन्हां लग्न करणार नाहीं, अशी शपथ तिनें वाहिली होती. पहिल्या लग्नाच्या वेळीं तिला कोणी विचारलें नव्हतें. दुसऱ्या वेळीं विचारल्याबरोबर तिनें स्पष्ट उत्तर दिलें. दोनच वर्षांनीं, १४५३ मध्यें, कॉन्स्टँटिनोपल महंमदाच्या हातीं पडलें आणि तो सम्राट लढतां लढतां मारला गेला.

यापुढें घराण्यावर एकामागून एक आघात झाले. १४५६ च्या नोव्हेंबरांत कातारीनेचा पति उल्रिख याचा बेलग्रेडच्या किल्ल्यांत हुन्यादी पक्षाच्या लोकांनीं खून केला. हें वैर मिटावें म्हणून तिची मुलगी एलिझाबेथ हुन्यादींच्याच धाकट्या मुलास, मात्यासला, दिली होती. ती बिचारी आदल्याच वर्षीं, अजाण वयांत, मरण पावली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जुराज वारला. पुढल्या मे महिन्यांत राणी इरीनाही गेली, आणि त्याच रात्रीं मारा व आंधळा ग्र्गुर धाकट्या भावाचें राज्य सोडून महंमदाकडे निघून गेलीं. हा धाकटा भाऊ लाझार १४५८ च्या जानेवारींत मेला. त्याला तीन मुलीच होत्या. त्यांपैकीं थोरलीचें लग्न १४५९ मध्यें बोस्नियाच्या युवराजाशीं लावून राज्य वांचविण्याची पुन्हां तीच युक्ति करून पाहण्यांत आली. लग्नास तीन महिने होतात न होतात तोंच, २० जून १४५९ रोजीं, स्मेदेरेवो तुर्कांनीं घेतलें. चार वर्षांनीं बोस्नियाही गेला, आणि तो नवरदेव, आतां राजा झालेला, महंमदाच्या आज्ञेनें ठार झाला.

राज्य बुडालें, तरी मारा होती. महंमदानें तिला सेरेस शहराजवळ येझेवो येथें जहागीर दिली. कागदोपत्रीं तो तिचा उल्लेख आपली आई म्हणून करतो. विधवा बहीण कातारीनाही पुढें तेथेंच येऊन राहिली. तुर्क व व्हेनिस यांचें युद्ध १४६३ पासून सोळा वर्षें चाललें होतें. त्यांत तहाचें बोलणें करावयास व्हेनिसच्या वकिलांनीं या दोघी बहिणींचें साहाय्य घेतलें. आथोस पर्वतावरील हिलांदार व सेंट पॉल या मठांची मारा मोठी आश्रयदाती होती. दुब्रोव्निक शहराकडून दरसाल मिळणारें एक जुनें उत्पन्न तिनें त्या मठांस लावून दिलें. वास्तविक आथोसच्या भूमीवर स्त्रियांनीं पाऊल ठेवूं नये असा नियम आहे. मारा एकदां तेथवर गेली असतां, पुढें येऊं नकोस अशी वाणी झाली आणि ती किनाऱ्यावरूनच परतली, अशी आख्यायिका सांगतात. जेथें आपल्याला प्रवेश नाहीं तेथील दिवा जळत रहावा म्हणून तेल पुरविणाऱ्या बायका आम्हांला तरी अपरिचित नाहींत. १४८७ च्या सप्टेंबरांत मारेचा अंत झाला.

आतां वंशाचें काय झालें तें पाहूं. आंधळ्या स्तेफाननें राज्य गेल्यावर आल्बेनियन सरदार आरियानित याची मुलगी आंजेलिना हिच्याशीं विवाह केला. तिची बहीण दोनिका ही प्रसिद्ध वीर स्कंदरबेग याची पत्नी. पतीच्या मृत्यूनंतर आंजेलिना दोन मुलांना घेऊन हंगेरीच्या राज्यांत आली. थोरला जॉर्जे संन्यास घेऊन माक्सिम झाला, व त्यानें क्रुशेदोलचा मठ स्थापिला. धाकटा योवान १५०२ मध्यें वारला. सर्ब लोक आंजेलिनेला आजही संत माता मानितात. १५१६ मध्यें माक्सिम गेला आणि पुरुषवंश खुंटला. रीतीप्रमाणें येथें ‘निर्वंश’ लिहून वही मिटावयास हरकत नाहीं.

परंतु स्तेफान व आंजेलिना यांना एक मुलगी होती; तिचेंही नांव माराच. १४८५ मध्यें ती इटलींतील मोंफेर्रातच्या मार्किसास दिली. तिची नात मार्गारीता मांतुआच्या गोंझागा घराण्यांत गेली, आणि १५३६ मध्यें मोंफेर्रातची गादी तिच्याबरोबर त्या घराण्याकडे आली. म्हणजे ज्या वेळीं ब्रांकोविचांचा वंश खुंटला असें धरितात, त्या वेळीं त्यांचें रक्त इटलीच्या राजवाड्यांत नांदत होतें. इकडे सतराव्या शतकांत जॉर्जे ब्रांकोविच नांवाचा एक गृहस्थ आपण त्याच वंशांतले म्हणून पुढें आला, त्यानें आपल्यासाठीं वंशावळ रचली, मोठा इतिहासही लिहिला. ऑस्ट्रियाच्या सरकारनें १६८९ मध्यें त्याला अटकेंत टाकलें आणि १७११ मध्यें तो अटकेंतच मेला. पुरुषाच्या नांवासाठीं खोटी वंशावळ उभी राहिली, आणि मुलींच्या वाटेनें गेलेली खरी वंशावळ कोणी शोधिली नाहीं!

तात्पर्य, तहासाठीं मुली देण्याच्या त्या रीतीचें आम्हांस मुळींच कौतुक नाहीं. त्या रीतीनें भावांचे डोळे वांचले नाहींत, कीं बापाचें राज्यही वांचलें नाहीं. पण जी मुलगी नाइलाजानें परक्या घरीं गेली, तिनें तेथें स्वतःच्या शहाणपणानें जें मिळविलें, तें मात्र तिचें स्वतःचें होतें, आणि घराण्याचें नांव शेवटीं त्यावरच राहिलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कुलवृत्तांत लिहून ठेवण्याचें काम चालू असेल, त्यांना यावरून एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, घरांतील वृद्ध माणसें सांगावयास आहेत तोंवर आत्यांचीं, आतेआज्यांचीं, पणज्यांचीं नांवें विचारून घ्यावींत. कोणत्या गांवीं दिली एवढ्यावर थांबूं नये. तेथें जाऊन तिनें काय केलें, हेंही लिहावें. वहींत त्यासाठीं फार तर दोन पानें अधिक लागतील.